चार हजार मीटरवर नवा भात

सोळा वर्षं मी पोरांना अँडीज पर्वत शिकवला, तो कधीही न पाहता. तिरोड्याच्या आमच्या शाळेत माणसं कमी, म्हणून विज्ञान आणि भूगोल दोन्ही माझ्याच गळ्यात. फळ्यावर दक्षिण अमेरिका काढायची, डाव्या कडेनं वरून खाली खडूची एक जाड रेघ ओढायची, "हा अँडीज" म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. एका संध्याकाळी दवनीवाड्याला घरी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. बाबा धानाच्या बांधीतून येऊन नळाखाली पायाचा चिखल धूत होते. समोर नकाशा उघडा होता, त्यावर त्यांनी ओलं बोट ठेवलं.

"हा पायलास काय?"

"नाही."

"मंग शिकवतोस कायले?"

एवढं बोलून ते चहा मागायला आत गेले. मी मात्र त्या प्रश्नानं असा चिडलो की दुसऱ्या दिवसापासून पैसे बाजूला टाकू लागलो. चार वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढलं: बोलिव्हिया देश, ला पाझ शहर, पाठीवर एक पिशवी आणि राहायला स्वस्तातलं वसतिगृह. तिकीट बाबांना दाखवलं तर म्हणाले, "आता जमलं." आणि त्याच उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या दुखण्यात, बाबा गेले. मी तिकीट रद्द करायला निघालो होतो. आईनं फोन हातातून काढून घेतला. "कायले रद्द करतोस? त्यायनंच तर धाडलं तुले."

तांदळाची पिशवी

पुढे जाण्याआधी आमच्या घरची एक रीत सांगणं भाग आहे, नाहीतर मी परदेशात दोन किलो तांदूळ घेऊन का फिरत होतो ते कोणालाच कळणार नाही. दसऱ्यानंतर हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघतो. त्याचा पहिला भात घरच्यांनी आधी खायचा नाही. आधी एखाद्या अनोळखी माणसाला बसवायचं, घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं वाढायचं, त्यानं पोटभर खायचं, मग घर जेवणार. गावात बाकी कोणी ही रीत पाळत नाही. आमच्या पणजोबांनी सुरू केली म्हणतात आणि बाबांनी ती फारच मनावर घेतली होती. नव्या भाताच्या दिवशी ते सकाळीच रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. भांडीवाला, चादरी विकणारा, रस्ता चुकलेला विमा एजंट, जो सापडेल त्याला धरून आणायचे. एका वर्षी कोणीच मिळेना. बाबांनी भाताचा डबा बांधला, मावशीच्या गावी सडक अर्जुनीला गेले आणि तिथल्या ढाब्यावर एका पंजाबी ट्रक ड्रायव्हरला गाठून भात वाढला. तो बिचारा शेवटपर्यंत "रोटी नहीं है क्या?" विचारत होता. घरी आम्ही दुपारचे चार वाजेपर्यंत उपाशी.

यंदा कर्ता मी, आणि मी निघालो होतो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. निघायच्या सकाळी आईनं शिवलेली एक कापडी पिशवी माझ्या सामानावर ठेवली. आत नवे तांदूळ.

"तू अनोळख्यायच्याच देशात जाऊन राहिलास नं? मंग घेऊन जा. तिकडं कोनाले तरी पोटभर खाऊ घाल. तू खाऊ घातलं का मी इकडं खातो."

"आणि तोपर्यंत?"

"तोवर पोळी खाईन."

पुण्यामुंबईच्या वाचकाला या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. दोन्ही वेळा भात, वर लाखोरी डाळीचं वरण, आणि पोळी म्हणजे पाहुणा आला तर. जुने तांदूळ संपले होते. आईचं वय सहासष्ट, दोन दिवस सलग पोळी खाल्ली की तिचं पोट धरतं. विकतचे तांदूळ आणून ठेवतो म्हटलं, तर घरात नवं पीक असताना दुकानाचे तांदूळ कायले, म्हणून मलाच झापलं. तिला समजावणं म्हणजे काय असतं हे माझ्या बहिणीला विचारा. मी पिशवी उचलली आणि निघालो.

विमानतळावर

ला पाझचा विमानतळ शहरात नाही. तो वरच्या पठारावर, एल आल्तो नावाच्या जोडशहरात आहे, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर. विमानातून उतरून मी ऐटीत दहा पायऱ्या चढलो आणि अकरावीवर बसलो. छातीत हवा जाते आहे पण पुरत नाही, असं काहीतरी. मागून एक आजीबाई पाठीवर गाठोडं घेऊन माझ्या बाजूनं टकाटक चढून गेल्या आणि वळून हसल्या.

अर्जात मी प्रामाणिकपणे "तांदूळ" लिहिलं होतं. तपासणीच्या बाईंनी पिशवीची गाठ सोडली, चार दाणे हातावर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मला स्पॅनिश येत होतं चौदा शब्द. मी हातवारे करून सांगितलं: हे धान नाही, तांदूळ आहे, हे जमिनीत टाकलं (इथे मी वाकून पेरणी केली) तरी वर येणार नाही (इथे मान जोरात हलवली). शेवटी म्हणालो, "मामा. मामा." त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे त्या चौदांपैकी एक. बाईंनी बाजूच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यालाही मी पेरणी करून दाखवली. दोघंही इतके हसले की मागची रांगही हसायला लागली. गाठ पुन्हा बांधून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

वाडग्यातलं शहर

पहिले दोन दिवस डोकं असं ठणकत होतं की मी शहर खिडकीतूनच पाहिलं. वसतिगृहाच्या बाई कोकाच्या पानांचा चहा आणून द्यायच्या. गवती चहा उकळायला विसरावा तशी त्याची चव, पण गुण येतो. तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. ला पाझ एका प्रचंड वाडग्यात वसलेलं आहे. तळाशी उंच इमारती, चारही बाजूंनी वर चढत गेलेली विटांची लाल घरं, आणि सगळ्याच्या मागे बर्फाचा इलिमानी डोंगर. मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे जमीन अशी सपाट की तिरोड्याच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या हेच आमचं शिखर. त्या डोंगराकडे पाहत मी मोठ्यानं म्हणालो, "पायला बापा." बाजूच्या वर्तमानपत्रवाल्यानं दचकून वर पाहिलं.

या शहरात लोक कामावर जातात ते हवेतून. दोरावर लटकत्या डब्यांच्या लायनी आहेत, लाल, पिवळी, हिरवी, निळी. आपण बसची वाट पाहतो तशी इथे वाट पाहावी लागत नाही, डबे एकामागून एक येतच राहतात. दहा माणसं समोरासमोर बसतात, एकमेकांना "शुभ दिवस" म्हणतात आणि मग गप्प. मी एक अख्खा दिवस काही काम नसताना त्यात फिरलो. खाली लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, गच्चीवर चिडून भुंकणारे कुत्रे.

खाण्यात पहिली फजिती साल्तेन्याची झाली. दिसायला आपली मोठी करंजी, आत मांस, आलू आणि बरंचसं गरम सार. मी समोशासारखा कचकन मधोमध चावा घेतला आणि सगळं सार स्वेटरवरून थेट पायापर्यंत गेलं. बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला काहीही न बोलता स्वतःची साल्तेन्या उभी धरून दाखवली: आधी टोक खायचं, मग सार प्यायचं, मग बाकीचं. शाळेत इतकं सावकाश मीही कोणाला शिकवलेलं नाही. जांभळ्या मक्याचं गरम आपी मात्र मी पहिल्याच दिवशी दोन पेले प्यालो. मक्याची दाट, गोड आंबील म्हणा, वर दालचिनीचा वास.

कच्चा भात

चौथ्या दिवशी मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. चार पाहुणे जमवले: दोघं इटलीचे, एक ब्राझीलची मुलगी, एक कोरियाचा गप्प माणूस. चौघंही अनोळखी, चौघंही भुकेले. आईच्या अटीत याहून चांगली माणसं बसणार नव्हती. अर्धे तांदूळ धुतले, तिथला सर्वांत मोठा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर चढवला, पाणी उकळलं, तांदूळ वैरले आणि टोमॅटोची चटणी करत बसलो.

वीस मिनिटं झाली. दाणा दाबला, कडक. पाणी वाढवलं. चाळीस मिनिटं, अजून कडक. तास झाला. नवा तांदूळ तो, बाहेरून लगदा व्हायला लागला आणि आत मात्र खडा तसाच. सव्वा तासानं मी गंजासमोर उभा होतो आणि मला आठवीच्या वर्गातला माझाच आवाज ऐकू आला. "उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून पहाडात डाळतांदूळ नीट शिजत नाही. लिहून घ्या. परीक्षेत येतं." सोळा वर्षं लिहून घ्या, लिहून घ्या करत आलो आणि साधा कुकर शोधायची अक्कल मला आली नाही!

पाहुणे सभ्य होते. दोन दोन घास खाल्ले. इटलीचा पोरगा म्हणाला, आमच्याकडे थोडं कडकच आवडतं. कोरियाच्या माणसानं मला त्याच्याकडचं नूडल्सचं पाकीट दिलं. तेच आम्ही पाचजणांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आईच्या दुपारच्या चहाच्या वेळी, मी फोन केला.

"खाऊ घातलं का?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हो. म्हणजे, खाल्लं त्यांनी."

"शिजलं होतं?"

"थोडं कमी."

"पोटभर खाल्लं?"

"दोन दोन घास."

"मंग थे मोजत नाई," आई म्हणाली. "कच्चं खाऊ घालून माह्या घराचं नाव खराब कायले करतोस?" आणि मग, उगाच सहज म्हणून, "मी पोळी खाल्ली. आज नाई दुखलं पोट जास्त."

ते "जास्त" माझ्या कानात राहिलं.

तळ्याकाठी

बसनं तीन-चार तासांवर टिटिकाका तळं आहे, तिथे जायचं आधीच ठरलं होतं. आमचा जिल्हा तळ्यांचा. जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांना आम्ही, "माजी मालगुजारी"चं थोडक्यात, मामा तलाव म्हणतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "इकडं मामा, तिकडं काका. घरचंच झालं सारं." पण हे तळं पाहून बोलती बंद होते. पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी निळंशार, आणि उन्हात बसावं तर नाक भाजतं, सावलीत सरकावं तर दात वाजतात. काठावर मासा खाल्ला. ताटात माशाशेजारी भात होता आणि भाताशेजारी उकडलेले आलू. इथे भात ही आलूची सोबत असते, मुख्य मानकरी आलूच. त्यात काळे, गोट्यांसारखे चुन्यो होते. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले हे आलू वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. चव ओल्या मातीची. मी तीन खाल्ले, आवडले असं सांगितलं, आणि ते खोटं होतं.

परतीच्या बसमध्ये बहिणीचा संदेश आला. ती लग्न करून गोंदिया शहरात गेली, तेव्हापासून तिची मराठी अर्धी हिंदीत शिरली आहे. "भैया, जल्दी किसी को खिला दो यार. आई ऐकूनच नाही राहिली. काल नुसतं दूध पिऊन झोपली." तळं, बर्फ, डोंगर, सगळ्यावरचं माझं लक्ष उडालं. घरी परतायला अजून आठवडा होता. पिशवीत एक किलो तांदूळ होते आणि एकच संधी.

तीन शिट्ट्या

एल आल्तोचा आठवडी बाजार म्हणजे आमच्या बाजाराला पन्नासनं गुणा. मोटारीच्या दारांपासून बोकडाच्या शिंगांपर्यंत काहीही मिळतं. मला हवा होता कुकर, आणि कुकरला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते चौदा शब्दांत नव्हतं. फोनची बॅटरी नेमकी संपलेली. एका आलूच्या दुकानासमोर उभा राहून मी हातांनी गंज दाखवला, झाकण फिरवलं, आणि मग शिट्टी वाजवली. फुस्स्स. कोणाला कळेना. म्हणून पुन्हा वाजवली. आणि आपल्याकडे कुकर म्हणजे तीन शिट्ट्या, म्हणून तिसरीही वाजवली. दोन कुत्रे उठून उभे राहिले.

दुकानाच्या मालकीणबाई, डोक्यावर गोल हॅट, खाली दोन लांब वेण्या आणि चुणीदार घेराचा परकर, हसता हसता आलूच्या ढिगावर टेकल्या. यांचं नाव जुस्तिना. शेजारी त्यांची मुलगी नेली, नर्सिंग शिकते, तिला इंग्रजी येत होतं. नेलीनं विचारलं, कुकर कशाला हवा? मी सांगायला लागलो आणि सगळंच सांगून बसलो. बाबा, रस्त्यावरची माणसं, ट्रक ड्रायव्हर, पोळी, आईचं पोट. नेली वाक्यावाक्याला थांबून आईला सांगत होती. जुस्तिनांनी हात पुढे केला. मी पिशवीतले थोडे तांदूळ त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते नाकापाशी नेऊन वास घेतला, अगदी माझी आई घेते तसा.

मग त्या म्हणाल्या, आणि नेलीनं सांगितलं: कुकर विकत घेऊ नकोस. परवा एक नोव्हेंबर. त्या दिवशी दुपारी बारा वाजता आमची मेलेली माणसं घरी जेवायला येतात. माझा नवरा फेलिक्स दोन वर्षांपूर्वी गेला. तीन वर्षं त्याचं ताट मांडावं लागतं. त्या दिवशी दारात जो येईल, प्रार्थना करील, त्याला आम्ही जेवू घालतो, आणि तो जितका परका तितकं चांगलं. तूही ये. तांदूळ घेऊन ये.

मला पितरांचे दिवस आठवले. आपण पान वाढून कावळ्याची वाट पाहत तासतास बसतो. हे लोक सरळ माणसंच बोलावतात. मी लगेच हो म्हणालो.

फेलिक्सचं घर

एक नोव्हेंबरला सकाळी लाल डब्यातून वर गेलो. घर विटांचं, वर पत्रे, अंगणात एक मेंढी. आतल्या खोलीत टेबलावर काळं कापड आणि त्यावर काय नव्हतं! पावाच्या बाहुल्या, त्यांना रंगवलेले चेहरे. पावाची शिडी, म्हणजे मेलेल्यांना वरून उतरायला सोपं. केळी, मोसंबी, पाती असलेले कांदे, फेलिक्सना आवडणारं नारंगी सरबत, आणि दोन्ही बाजूंना तुळशीच्या लग्नात असतो तसा उभा ऊस. मध्ये फेलिक्सचा फोटो: जाड मिश्यांचा माणूस, बसचं स्टीअरिंग धरून बसलेला.

मी भाताला लागलो. नवा तांदूळ, पाणी बेतानं. झाकण लावलं, आच मोठी केली आणि शिट्टीची वाट पाहू लागलो. त्यांच्या कुकरला वरचं वजन होतं, ते खडखड हलायला लागलं. मी शांत उभा. जुस्तिनांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटं दाखवली, तीन. कुकर खडखड करतोय, मी तीन शिट्ट्यांची वाट पाहतोय. नेली म्हणाली, "हा असाच आवाज करतो, शिट्टी वाजवत नाही." मी म्हटलं, वाजेल, थांबा. सोळा वर्षांचा मास्तर मी, कुकर शिकवणार मला कोण? शेवटी जुस्तिनांनी मला खांद्यानं बाजूला सारलं आणि गॅस बंद केला.

मी झाकणाला हात घातला. हा भात बिघडला तर पिशवीत एक दाणा उरला नव्हता. वाफ आली आणि तिच्याबरोबर आमच्या दवनीवाड्याच्या स्वयंपाकघराचा वास आला. दाणा दाबला. मऊ. आतपर्यंत मऊ. माझे डोळे भरून आले. बाजूला कांदे होते, पण खोटं कशाला सांगू, मला बाबांची आठवण आली होती.

मी पहिलं ताट भरलं आणि जुस्तिनांच्या समोर धरलं. त्यांनी हात मागे घेतला. बारा वाजत आले होते. "आधी ते," त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "तुझं कोण गेलंय? वडील ना? नाव काय?"

"देवाजी."

"फोटो?"

पाकिटात बँकेच्या कामासाठी काढलेला पासपोर्ट फोटो होता. फोटो काढणाऱ्यानं "हसा" म्हटलं की बाबा जास्तच डोळे वटारायचे, तसाच तो आला होता. जुस्तिनांनी तो पावाच्या बाहुलीला टेकवून फेलिक्सच्या शेजारी उभा केला आणि म्हणाल्या, "दोन देवाजी." डॉन म्हणजे त्यांच्याकडे आपलं राव किंवा जी, पण त्यांच्या तोंडून ते दोन असंच ऐकू यायचं. "वाढ. तुझ्या हातानं."

मी अडलो. नेलीला म्हटलं, हे उलटं होतंय. आमच्यात परक्यानं आधी जेवायचं असतं. बाबांना आधी वाढलं तर घरच्यानंच आधी खाल्लं असं होईल. आई तिकडे उपाशी बसली आहे, तिला मी काय सांगू? नेलीनं सांगितलं. जुस्तिनांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. या घरात मेलेल्यांच्या आधी कोणी जेवत नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या गॅसवर, त्यांच्या नवऱ्याच्या दिवशी मी काय वाद घालणार? दूर कुठेतरी चर्चची घंटा वाजायला लागली. मी दोन वाट्या भरल्या, एक फेलिक्सना, एक बाबांना. त्यांनी स्पॅनिशमध्ये प्रार्थना म्हटली. मला एकच सुचलं. "बाबा, जेवा."

मग मी सगळ्यांना वाढलं. जुस्तिना, नेली, प्रार्थना करायला आलेले दोन शेजारी. भातावर शेंगदाण्याचं दाट सूप घातलं, आणि काय जमलं म्हणून सांगू! जुस्तिनांनी दुसऱ्यांदा घेतला. एका शेजाऱ्यानं तिसऱ्यांदा घेतला आणि पट्टा सैल केला. पोटभर म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मी माझं ताट बाजूला सारलं. पोटभर झालं होतं, शिजलं होतं, माझ्या हातचंच होतं, पण आधी परक्यानं खाल्लं नव्हतं.

आईचं ताट

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे दहा. एरवी आठला झोपणारी आई ओसरीत दिव्याखाली बसली होती, समोर ताट आणि त्यावर झाकण. भात करून वाट पाहत होती.

"शिजला?"

"शिजला."

"पोटभर?"

मी फोन फिरवून पट्टा सैल केलेला शेजारी दाखवला. त्यानं हात हलवला. आईनंही हलवला.

"पण आई, एक चूक झाली," मी म्हणालो. आणि सगळं सांगून टाकलं, बाबांची वाटी आधी वाढावी लागली, कोणी ऐकेना, आता मोजायचं की नाही ते तूच सांग. सांगता सांगता फोन टेबलासमोर धरला. ऊस, पाव, कांदे, फेलिक्स, आणि त्यांच्या शेजारी डोळे वटारलेले बाबा. पुढ्यात वाटी, तिच्यातून अजून थोडी वाफ येत होती.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं.

"हा फोटो कायले ठेवलास? चांगला नव्हता काय दुसरा?" मग तिनं पदरानं नाक पुसलं. "आनि चूक कायची रे? त्या बाईच्या घरी तुहा बाप कोन? अनोळखीच नं? मंग अनोळख्यानंच जेवलं आधी. जिंदगीभर दुसऱ्यायले रस्त्यावरून धरून आनलं त्या मानसानं. आज त्यायलेच कोनीतरी धरून नेलं, बसवलं, जेवू घातलं. बरोबर झालं सारं."

नेली विचारत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या?

"भातात मीठ घातलं होतं काय?" आईनं विचारलं.

"नाही."

"बरं केलं. त्यायले डॉक्टरनं मना केलं होतं." आणि तिनं ताटावरचं झाकण काढलं, पहिला घास घेतला आणि सावकाश चावत राहिली. मीही इकडे माझं ताट ओढलं. अर्धा मिनिट दोन्ही बाजूंना नुसतं जेवण चाललं होतं.

निघताना बाबांचा फोटो उचलायला गेलो तर जुस्तिनांनी माझ्या हातावर चापटी मारली. नेली हसत म्हणाली, आई म्हणते फोटो राहू दे, तीन वर्षं ताट मांडावं लागतं, पुढच्या वर्षी दोन देवाजी आले तर बसतील कुठे? फोन अजून चालूच होता. मी आईला विचारलं, काय करू?

"राहू दे मंग तिकडंच," आई तोंडात घास असतानाच म्हणाली. "जेवनाची सोय झाली त्यायची."